पिवळ्याचं कारण

पवनचक्कीवर चढणारा माणूस आपला तोल आपण तपासत नाही, त्याचा जोडीदार तपासतो. कोंढजाईच्या सड्यावरचा हा रिवाज यंत्रापेक्षा जुना. सडा म्हणजे पाटणच्या वरचं सपाट, खडकाळ पठार. वारा असा की तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. पूर्वी टॉवरच्या पायथ्याशी जोडीदार समोर उभा राहून डोळ्यांत बघायचा आणि सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं पुकारायचा, तोल आहे किंवा तोल नाही. हळूच सांगायची मुभा नव्हती. एकदा कुणीतरी दोस्ताचे डोळे फिरलेले बघूनही दोस्तीखातर गप्प बसला होता, आणि तो दोस्त वरून खाली आला तो पुन्हा उठला नाही. तेव्हापासून जे दिसेल ते मोठ्यानं, सगळ्यांसमोर पुकारायचं असं ठरलं.

मग यंत्र आलं. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं होतं तोलदर्शक. टोळीनं पहिल्याच आठवड्यात त्याला मास्तर करून टाकलं, कारण ते कुणालाच सोडायचं नाही.

मास्तरचं काम समजायला फार शिकावं लागत नाही. आपल्या कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडे, तीन बारीक वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं हललं की पाणी जरा मागे राहतं, तिथले सूक्ष्म केस वाकतात आणि आपण कुठे झुकलो ते मेंदूला कळतं. मेंदू त्याच क्षणी डोळे तेवढेच उलट दिशेला फिरवतो. म्हणून तर चालता चालता आपल्याला समोरची पाटी वाचता येते. कानाचा निरोप आणि डोळ्यांचं फिरणं यांत फरक पडला की चक्कर येते. पण हा फरक माणसाला जाणवायच्या खूप आधी सुरू झालेला असतो. हेल्मेटच्या आतला छोटा कॅमेरा बुबुळांवर नजर ठेवायचा, फरक मोजायचा आणि जोडीदाराच्या मनगटावरच्या पडद्यावर रंग दाखवायचा. हिरवा असला तर चढा. पिवळा असला तर आज खाली बसा. तांबडा असला तर डॉक्टर गाठा. जोडीदार रंग पुकारायचा. मास्तर आल्यापासून सड्यावर एकही माणूस पडला नव्हता. यंत्राला नावं ठेवण्याआधी एवढं कबूल करायलाच हवं.

गडबड झाली ती नंतर. देशभरातल्या टॉवरवाल्यांचे, क्रेनवाल्यांचे, खाणवाल्यांचे डोळे बघून बघून मास्तर शहाणा झाला. उपाशी माणसाची बुबुळं वेगळी थरथरतात, जागरण झालेल्याची वेगळी, आणि दारूचा अंश तर कानातल्या पाण्याच्या पडद्यात शिरून बसतो, त्याची खूण दुसऱ्या दिवशीही लपत नाही. तसंच औषधांचं. प्रत्येक औषधाचं घराणं मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला आपल्या आपल्या पद्धतीनं डिवचतं. एका पावसाळ्यानंतर मास्तरमध्ये सुधारणा झाली आणि रंगाच्या खाली एक नवी ओळ दिसायला लागली, 'कारण'. ती पुकारायची की नाही हे कुणी ठरवलं नव्हतं. पण पडद्यावर दिसेल ते पुकारायचं, ही सड्याची सवय. म्हणून कारणही पुकारलं जाऊ लागलं.

सुरुवातीला मजाच वाटली. नव्या नवरदेवाचं, विकीचं, 'झोप अपुरी' निघालं तेव्हा टोळी दिवसभर त्याच्या मागे लागली होती. आनंदा शेलारचं 'मद्य' निघालं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. त्याचा चढायचा पट्टा काढून घेतला गेला आणि तो कायमचा गावी बसला. आनंदाचं कारण पुकारलं होतं धनाजी देवकरानं. धनाजी टोळीचा मुकादम. चहाशिवाय कशाला तोंड लावायचा नाही आणि खोटं बोलायचा नाही. अशा माणसांना खरं बोलण्याची एक धुंदी असते. आपण बोललो ते खरं होतं ना, मग झालं, असं त्यांना वाटतं.

धनाजीचा जोडीदार सुहास पानस्कर. दोघं एका दोरावर वाढलेले. त्यात तो धनाजीचा मेव्हणाही झाला. धनाजीची धाकटी बहीण अश्विनी पहिल्या नवऱ्यामागे माहेरी आली होती. तो नवरा पवनचक्कीची लांबच लांब पाती वाहून आणणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर होता. सड्यावर ये-जा असायची, गडी हसतमुख, म्हणून धनाजीनंच ते स्थळ आणलेलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो तापानं झिजून गेला. कावीळ झाली म्हणाले. पुढे सुहासनं एकदा वरती, टॉवरच्या माथ्यावर डबा खाताना, विचारलं होतं, "धनाजी, आशूला मी मागणी घातली तर तुला चालंल का?" धनाजीला इतका आनंद झाला की त्याच्या हातातली भाकरी वाऱ्यानं नेली. तेव्हापासून तो सुहासला दाजी म्हणायला लागला आणि सुहास त्याला चिडवायला पाव्हणं.

त्या दिवशी सकाळी नेहमीसारखीच टोळी उभी होती. तोंडं समोरासमोर, हेल्मेटं डोक्यावर. नितीन झोरेनं विकीचा हिरवा पुकारला. विकीनं नितीनचा हिरवा पुकारला. सुहासनं धनाजीचा हिरवा पुकारला आणि वर म्हणाला, "पाव्हण्यांचा तोल काय जातोय, वजन बगा की!" सगळे हसले. धनाजीही हसतच मनगट वर करून वाचू लागला.

"पानस्कर. पिवळा. कारण औषध. गट एचआयव्ही विषाणूरोधक."

वाचता वाचता त्याचा आवाज उतरला, पण थांबला नाही. शेवटचा शब्दही त्यानं वाचला. वारा पडलेला होता. सड्यावर वारा पडतो तो क्वचित, आणि नेमका त्या वेळी पडावा.

सुहासनं हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा एकदम लहान दिसत होता. तो धनाजीकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, काहीतरी विनंती होती. ती धनाजीला वाचता आली नाही.

"मास्तर चुकला असंल," नितीन पुटपुटला.

"न्हाई," सुहास म्हणाला. "गोळी चालू हाय माझी. नवीन हाय, म्हनून जरा गरगरतंय."

"तुझी?" धनाजी म्हणाला.

"व्हय. माझी."

धनाजीनं त्याच्या पट्ट्याला धरून त्याला ओढला आणि सगळ्या टोळीदेखत त्याच्या तोंडात मारली. "माझी बहीण दिलीया तुला! माझी बहीण!" सुहासनं हात वर केला नाही. ओठातून रक्त आलं ते त्यानं बाहीनं पुसायला घेतलं, तर विकी दोन पावलं मागे सरला. ते मागे सरणं सगळ्यांनी पाहिलं.

धनाजी गाडी काढून थेट खालच्या वाडीत गेला. अश्विनी अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांची खिचडी करून, भांडी घासून ती नुकती घरी आली होती आणि ओसरीवर केस विंचरत बसली होती.

"पिशवी भर," धनाजी दारातूनच म्हणाला. "आत्ताच्या आत्ता घरला चल."

"काय झालं दादा? आईला काय झालं?"

"आईला न्हाई. तुझ्या नवऱ्याला झालंय. एचआयव्हीची गोळी खातोय त्यो. समद्या टोळीम्होरं निघालं."

अश्विनीचा फणीचा हात तिथेच राहिला. "निघालं म्हंजे? कुनी काढलं?"

"मास्तरनं दावलं. मी पुकारलं."

"आन ते काय म्हनले?"

"म्हनला माझीच गोळी हाय. लाज न्हाई."

अश्विनीनं केसांची गाठ मारली, उठून दार लोटलं आणि भावासमोर उभी राहिली.

"त्यांला काय सुदिक न्हाई दादा. मला हाय."

धनाजीला कळायला वेळ लागला. ती सांगत गेली. पहिल्या नवऱ्याला कावीळ नव्हती. तो गेल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, तेव्हाच तिला समजलं होतं. औषधं सुरू झाली आणि चांगली लागू पडली. विषाणू रक्तात सापडेना इतका दबला, आणि इतका दबला की दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सुहासनं मागणी घातली तेव्हा तिनं आधी त्याला हे सगळं सांगितलं होतं. तो दवाखान्यात येऊन स्वतः विचारून गेला आणि मगच लग्नाला उभा राहिला. पण यंदा तिची जुनी औषधं विषाणूला पुरेनाशी झाली. गणती वाढली. डॉक्टरांनी तिची औषधं बदलली, आणि गणती पुन्हा खाली येईपर्यंत नवऱ्याला लागण होऊ नये म्हणून त्यालाही गोळी दिली. नव्या तऱ्हेची, महिन्याला एकच. कुणाकुणाला तिनं सुरुवातीला जरा गरगरतं, शरीराला सवय झाली की जातं, असंही सांगितलं.

औषधाचं घराणं तेच. एकाला आजार दाबून ठेवायला, दुसऱ्याला आजार लागूच नये म्हणून. मास्तरला डोळ्यांतून औषध ओळखता येत होतं. ते कुणी कुणासाठी घेतलंय, हे ओळखायची सोय त्याच्यात नव्हती.

"मला का न्हाई सांगितलंस?" धनाजीचा आवाज फुटला. "मी तुझा सख्खा भाऊ…"

"तू आनलेलं स्थळ हुतं दादा," अश्विनी म्हणाली. "मनाला लावून घेऊन तू जेवला नसतास."

एवढ्यात सुहास आला. ओठ सुजलेला. बंद दार ढकलून आत आला आणि दोघांकडे बघून त्याला समजलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"मी सांगते समद्यांला," अश्विनी म्हणाली. "उद्या सड्यावर येते आन सांगते कुनाला काय हाय ते. तुमी का म्हून मार खायचा?"

"नगं," सुहास म्हणाला.

"खिचडीनं न्हाई पसरत त्यो आजार. समद्यांला ठावं हाय. शाळंत शिकिवत्यात."

"ठावं हाय. मागं सरकला त्या विकीलाबी ठावं हाय. तरीबी सरकला. उद्या एक तरी आई तुझ्या हातचं खायाला पोरगं धाडील का? माझं काय, मला दोर नसला तरी चालंल. तुला ती पोरं न्हाईत तर तू काय करशील?"

अश्विनी रडू लागली. धनाजीनं पुढे होऊन सुहासचे पाय धरायचा प्रयत्न केला. सुहासनं पाय आखडून घेतले.

"मला मोकळं करायचं तर तिला बांधावं लागंल, पाव्हणं," तो म्हणाला. "तवा आता तुमी गप ऱ्हावा. आज एकदा तरी गप ऱ्हावा."

हे शेवटचं 'पाव्हणं'. त्यानंतर त्यानं धनाजीला कधी त्या नावानं हाक मारली नाही.

धनाजी गप्प राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी पोटात ठेवावं लागत होतं आणि ते त्याला जमत नव्हतं. वाडीतले लोक त्याची कीव करायचे. बहिणीला बिचारीला कसला नवरा मिळाला, म्हणायचे. तू मारलंस ते बरं केलंस, म्हणायचे. प्रत्येक वेळी खरं काय ते त्याच्या जिभेवर यायचं आणि प्रत्येक वेळी अंगणवाडीच्या दारातल्या छोट्या चपला त्याला आठवायच्या. खरं बोलून एकाचा घात केला होता. आता दुसरं खरं बोललं तर बहिणीचा होणार होता. त्याला वाटायचं, त्या सकाळी आपल्याला नुसता ठसका जरी लागला असता तरी चाललं असतं.

कंपनीच्या बाजूनं सड्याचा कारभार बघायच्या त्या मुजावर मॅडम. बाई न्यायाच्या. त्यांनी टोळीला एकत्र बसवून कायदा सांगितला. या आजारावरून कुणाला कामावरून काढता येत नाही आणि वेगळंही वागवता येत नाही. कारणाची ओळ बंद करा, असं त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की ती माहिती उपयोगी आहे. मग मॅडमनी आपल्या हातात होतं तेवढं केलं. जोडीदारांच्या मनगटावरचे पडदे काढून टाकले. सगळ्यांचे तोल आता पायथ्याच्या खोलीतल्या एकाच पडद्यावर दिसणार आणि तिथला माणूस ते भोंग्यावरून पुकारणार. त्या खोलीत त्यांनी सुहासला बसवलं. चक्कर जाईपर्यंत, म्हणाल्या.

चक्कर गेली. डॉक्टर म्हणाले होते तशी, थोड्याच आठवड्यांत, आली तशी निमूट गेली. सुहासनं हेल्मेट घालून बघितलं तर स्वच्छ हिरवा, आणि खाली कारणाची ओळ कोरी. त्या सकाळी तो आजारी आहे म्हणून घरी राहिला असता, किंवा ती गोळी पावसाच्या सुट्टीत सुरू झाली असती, तर मास्तरला कधी पत्ताही लागला नसता. धनाजी हे मनाशी घोळवत राहायचा. त्यातून काही निघत नव्हतं, तरी घोळवायचा.

हिरवा येऊनही सुहासच्या दोरावर यायला कुणी तयार होईना. कुणी उघड नाही म्हणालं नाही. कुणाची जोडी आधीच ठरलेली होती, कुणाची बायको घाबरत होती. खोलीतला त्याचा चहाचा पेला वेगळ्या खिळ्याला अडकवलेला असायचा. कुणी अडकवला ते कुणी सांगत नव्हतं. मॅडमनी तो काढून सगळ्यांच्या पेल्यांत ठेवला की दुसऱ्या दिवशी पुन्हा खिळ्यावर.

धनाजी एका दुपारी खोलीत गेला. "माझ्याबरूबर चढा, दाजी. मी येतो तुमच्या दोरावर."

सुहास पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "वर गेल्यावर माझा जीव तुमच्या हातात द्यायला मला अजून भ्या वाटत न्हाई. तुमी दोर सोडनार न्हाई, मला ठावं हाय. पण खाली आल्यावर काय करायचं?"

धनाजीनं खिळ्यावरचा पेला काढला, त्यात चहा ओतून घेतला, उभ्यानंच प्यायला, धुतला आणि परत त्याच खिळ्याला लावला, कारण इतर पेल्यांत ठेवायचा धीर त्यालाही झाला नाही. सुहासनं हे पाहिलं की नाही, कळलं नाही.

त्या सुमारासच धनाजी प्यायला लागला. आधी गावाबाहेर जाऊन, तोंडाला वास नको म्हणून बडीशेप चावत. बायकोला कळलं, ती भांडली, तो ऐकून घ्यायचा. मास्तरपासून ते लपणार नाही हे टोळीत सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत होतं. आनंदा शेलारची दारू तर त्यानंच पुकारली होती. तरी एका संध्याकाळी तो जरा जास्त प्यायला आणि सकाळी तसाच सड्यावर आला. कदाचित पकडलं जावं असंच त्याला वाटत असेल. मारझोड करणाऱ्याला शिक्षा झाली नव्हती, ती कुठूनतरी व्हावी असं.

टोळी उभी राहिली. वारा चांगला होता, पाती फिरत होती. पट्टे आवळले, हेल्मेटं चढली. खोलीच्या काचेमागे सुहास पडद्यासमोर बसला होता. भोंगा खरखरला.

"झोरे. हिरवा."

"विकी. हिरवा."

पुढे धनाजीचं नाव. भोंगा गप्प झाला. धनाजीनं काचेकडे बघितलं. सुहास पडद्यावर वाकला होता. तिथे काय लिहिलं आहे ते धनाजीला न बघताही वाचता येत होतं. पट्टा जाणार, मुकादमकी जाणार, आनंदासारखं गावी बसायचं. टोळी वळून खोलीकडे बघायला लागली.

"देवकर," भोंगा म्हणाला. "पिवळा."

सगळे थांबले. रंगानंतर काय यायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

"कारण?" नितीन ओरडला.

काचेमागे सुहासनं डोकं वर केलं. आज कितीतरी महिन्यांनी तो सरळ धनाजीकडे बघत होता.

"पिवळा," भोंगा पुन्हा म्हणाला. "आज त्यांना चढवू नका. नितीन, पुढचं नाव सांगतो, ऐक."

आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. टोळी आपल्या कामाला लागली. पुन्हा कुणी काही विचारलं नाही, कुणाला विचारायची गरजही वाटली नाही. पिवळा म्हटल्यावर माणूस खाली बसतो, एवढं पुरतं.

धनाजीनं हेल्मेट काढून हातात धरलं. तो खोलीच्या पायरीवर येऊन बसला आणि वाऱ्यात, कुणाला ऐकू येणार नाही असा, रडू लागला. सुहासच्या त्या सकाळीही एवढाच एक शब्द पुकारायचा होता.